जार पडेपर्यंत

जाराला जुनी चप्पल बांधलेली शेळी दिसली की मला अजून मळमळतं. शेळी व्याली की पिल्लांमागून जार, म्हणजे वार, बाहेर येतो. कधी लगेच पडतो, कधी दुपारपर्यंत लोंबकळत राहतो. तो लवकर पडावा म्हणून आमच्याकडं त्याला वजन बांधतात, आणि वजन म्हणून घरातली फाटकी चप्पल हाताशी असतेच. शेळी चालते, चप्पल मागच्या पायांवर आपटते, माश्या घोंघावतात, आणि त्याच अंगणात बसून घरची माणसं चहा पितात. मीही प्यायलेय.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीच्या पुढं आमचं गाव. नवरा कंपनीत जातो. घरी चार शेळ्या, चारही सासूबाईंच्या. मी दोन वर्षांपासून खांद्याला पिशवी लावून गावात फिरते आणि बायकांना सांगते, की नुसत्या कडब्यावर शेळी पोसली जात नाही, गाभण असेल तर धान्याचा भरडा द्या, शिळा भात घालू नका. शहरात जाऊन त्याचं प्रशिक्षण घेतलंय. पिशवीत वजनाचा काटा, पाजायची बाटली आणि चित्रांचा तक्ता असतो. तक्त्यावर पहिलंच चित्र आचळाला लागलेल्या पिल्लाचं. व्याल्यावर तासाभरात पिल्लाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, जाराची वाट बघायची नाही, हे मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. चीक म्हणजे ते पहिलं घट्ट, पिवळं दूध. बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन पिल्लं उपाशी झाकून ठेवायच्या. मला त्यांची शिसारी यायची. मनातल्या मनात मी त्यांना अडाणी म्हणायचे.

मग गेल्या हिवाळ्यात आमचीच शेळी व्याली. सकाळची वेळ, अंगणात नुकतं ऊन आलेलं. दोन पिल्लं झाली. बोकड लगेच उभा राहून ओरडायला लागला. दुसरी मादी, मुठीएवढी, तिला मानही धरवत नव्हती. सासूबाईंनी दोघांना गोणपाटानं पुसलं आणि बांबूच्या डालग्याखाली झाकून वर दगड ठेवला.

“जार पडल्याबिगर पाजायचं नाय. पोटं बिघडत्यात,” त्या म्हणाल्या.

“आत्याबाई, आता तसं नाही सांगत. उलट पिल्लू ओढायला लागलं की जार लवकर पडतो म्हणतात.”

“म्हणू दे की. माझा जन्म गेला शेळ्यांत.”

आवाज चढला नव्हता. त्यांना तो चढवावा लागत नाही. माझं लेकरू त्या सांभाळतात म्हणून मी पिशवी घेऊन हिंडू शकते. एक दिवस त्यांची कंबर दुखली की माझं हिंडणं बंद, हे दोघींनाही पक्कं ठाऊक आहे.

त्यांनी बाजरी शिजवली, गूळ घातला, शेळीला मायेनं खाऊ घातलं. जाराला चप्पल बांधली. शेळीची कास तटतटून चमकत होती, आचळातून थेंब गळून मातीत जात होते, आणि ज्यांच्यासाठी ते होतं ती दोघं हातभर अंतरावर कोंडलेली. डालग्यातून बोकडाचाच आवाज येत होता. मी कडेनं हात घालून मादीच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार लागलं. हे आम्हाला शिकवलं होतं: तोंड गार म्हणजे पिल्लाकडं वेळ थोडा.

तेवढ्यात टँकर आला. सासूबाईंनी हंडे उचलले. “पिल्लांवर ध्यान ठेव गं,” म्हणून त्या गेल्या.

माझ्याकडं फार तर पंधरा मिनिटं होती. मादीला पाजायचं तर चीक पिळायचा, तिला उबेत धरायचं, बाटलीनं थेंब थेंब सोडायचा. बोकडाला नुसतं आचळापाशी नेलं की काम होणार होतं. मी बोकडाला उचललं. ते अवघड म्हणून सोडलं आणि सोपं होतं ते घेतलं. स्वतःची किळस येते ती इथं.

तो घटाघटा प्यायला. मग मी घाईनं बाटलीत चीक पिळला, चार घोट झाला असेल, आणि मादीला मांडीवर घेणार तोच कोपऱ्यावर सासूबाई कुणाशी तरी बोलत येताना ऐकू आल्या. मी बाटली पिशवीत कोंबली. बोकडाच्या ओठांवरचा पिवळा चिकटा पदरानं पुसला. दोघांना पुन्हा झाकून वर दगड ठेवला. त्या आल्या तेव्हा मी अंगण झाडत होते.

जार उन्हं चढल्यावर पडला. बाजरी-गुळाचा गुण, असं सासूबाई म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, “आता पाज.” डालगं उचललं तर मादी मेलेली. ती मी परसात पुरली. पदराला चिकाचा वास येत होता. पदर मी दोनदा धुतला, तरी दिवसभर तो वास नाकातून गेला नाही.

“मुळातच अशक्त व्हती,” सासूबाई हळहळल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “ह्यो बघ. दम धरला, कसा टुणटुणीत.”

चार दिवसांनी शेजारची सून धावत आली. नवं लग्न झालेली पोर, माहेरानं दिलेली तिची पहिलीच शेळी. आता व्याली म्हणे.

“वैनी, आमच्या आत्याबाई नको म्हणत्यात. तुमच्या तक्त्यावर लगेच पाजायचं व्हतं ना?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई तुरी पाखडता पाखडता बोलल्या. “आमच्या घरचंच बघ की. जार पडल्यावर पाजलं, लई झ्याक वाढायलंय पिल्लू. हिच्यासमोरच झालंय, इचार हिला.”

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. एक शब्द सांगितला असता तर बोकड का जगला ते कळलं असतं, आणि मादी का मेली तेही.

“व्हय,” मी म्हणाले. “माझ्यासमोरच झालं.”

तिचा चेहरा निवांत झाला. “बरं झालं इचारलं वैनी,” ती म्हणाली, “मी आता पाजायलाच बसले व्हते.”