गजराची आगगाडी

आमच्या घरात घड्याळ आलं तेव्हा त्याची गरज कुणालाच वाटत नव्हती. लोणावळ्याजवळ औंढ्यातलं आमचं घर, पुढं भाताची दोन खाचरं, आणि वडील रेल्वेत गँगमन. घाटातल्या रुळांवर त्यांचं काम. वेळ आम्हाला गाड्या सांगायच्या. आई म्हणायची, "मालगाडी गेली, चूल पेटव." मेल उशिरा आली की आमच्याकडं जेवणंही उशिरा व्हायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

आई लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर धुणीभांडी करायची. बंगला विकला गेला तेव्हा शेठाणीनं जाताना तिला दोन चादरी, एक बरणी आणि हे घड्याळ दिलं. बिघडलेलं होतं म्हणूनच दिलं असणार. पत्र्याचं, हिरव्या रंगाचं. खाली ताटलीएवढी गोल बैठक, तिच्यावर बारीक रूळ, रुळांवर धुराड्याचं लाल इंजिन आणि दोन डबे. कडेनं एक बोगदा, एक झाड, एक कौलारू ठेसन, सगळं पत्र्याचंच. गजराची वेळ झाली की घंटा वाजायची आणि गाडी गोल फिरायची, असं ते मूळचं. आमच्याकडं आलं तेव्हा घंटेवरची हातोडी मोडलेली होती. घंटा मुकी. गाडी मात्र फिरायची, गजराची चावी संपेपर्यंत, आणि संपली की असेल तिथं थांबायची.

वडिलांनी ते कंदिलापाशी धरून नीट तपासलं. मग म्हणाले, "रूळ बरं हायत. पर खडी टाकल्याली न्हाई. हितला गँगमन झोपलाय."

आई म्हणाली, "आन् वाजत न्हाई त्याचं काय?"

"गाडी येळंवर सुटती न्हवं? मंग झालं. शिट्टी वाजवनं माझं काम न्हाई."

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, ती मात्र बैठकीशी डोळे नेऊन बसली होती. अक्का चौथीतून घरी बसलेली. आई कामाला जायची, मग घर अक्कावर. दिवसातून कितीतरी गाड्या तिच्या कानांवरून जायच्या, पण गाडीत ती एकदाही बसली नव्हती. बसायला कुठं जायचं असावं लागतं, आणि तिला कुठंच जायचं नसायचं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. मॅट्रिक झाल्यावर पुण्याच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा भावकीत म्हणाले, "पोरगी रोज पुन्याला जानार? दूध घालाया का?" सकाळच्या गाडीनं खरंच दूधवाले आणि मीच जायचो. लोणावळा ठेसन गाठायचं तर घरातून अंधारात निघावं लागायचं. आता वेळ हवी होती, मिनिटांची. घड्याळाला काम मिळालं.

पण मुकं घड्याळ उठवणार कसं? ते काम अक्कानं घेतलं. ती घड्याळ उशाशी घेऊन निजायची. गजर लागला की गाडीच्या चाकांचा नुसता खरखर आवाज व्हायचा, उंदरानं पत्रा कुरतडावा तसा. माझ्या कानांत तो कधी शिरला नाही. अक्का त्यानं उठायची. उठून दिवा बारीक लावायची आणि गाडी थांबेपर्यंत बघत बसायची. मग माझ्या खांद्याला हात. "ऊट, गाडी आली." कुठली गाडी ते मी विचारायचे नाही.

गाडी कुठं थांबली, हे ती मला रोज सांगायची. बोगद्यात थांबली तर म्हणायची, "आज छत्री घे." झाडाखाली थांबली तर, "आज दुपारची झोप येनार बघ तुला वर्गात." आणि ठेसनात थांबली तर तो दिवस उत्तम. मी हसायचे. तर्कशास्त्र शिकत होते मी, असल्या गोष्टींना हसायलाच हवं होतं. तरी परीक्षेच्या सकाळी डोळे उघडले की आधी इंजिनाकडं बघायचे. परीक्षेला गाडी नेहमी ठेसनात. एकदाही चुकली नाही.

"बग, थांबली का न्हाई?" अक्का भाकरी थापता थापता म्हणायची. "पत्र्याच्या गाडीला अक्कल हाय, तुज्या मास्तरास्नी न्हाई."

माझं तिसरं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं. सासर सुदुंबऱ्याचं, मोठं खटलं, म्हशी, बरीच जमीन. माणसं वाईट नव्हती. पण सुदुंबरं रेल्वेपासून लांब. वऱ्हाडाचा ट्रक निघाला तेव्हा अक्का रडत होती, बायका तिला धरून होत्या. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. ट्रक थांबला. मालगाडी आली. लांबलचक होती, संपता संपेना. तर अक्कानं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि शेवटचा गार्डाचा डबा जाईपर्यंत ती बघत राहिली. एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, नवरी रडायची थांबली की!" फाटक उघडलं, आणि अक्का पुन्हा रडायला लागली.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी माझी गाडी चुकली. उठले तेव्हा उजाडलं होतं. घड्याळ उशाशी होतं, मी अक्कासारखंच ठेवलं होतं. इंजिन झाडाखाली उभं होतं. रात्री निजताना ते बोगद्यापाशी होतं, म्हणजे गाडी सुटली होती, फिरली होती, थांबली होती, आणि बघायला कुणी नव्हतं. गाडी चुकल्यापेक्षा मला त्याचंच जास्त लागलं.

हळूहळू कान तयार झाला. खरखर ऐकू यायला लागली. मग मीही दिवा बारीक लावून बघत बसू लागले. बोगद्यात इंजिन शिरायचं तेव्हा आवाज जरा घोगरा व्हायचा, बाहेर आलं की मोकळा. चावी संपत आली की चाल मंद व्हायची, आता थांबेल, आता थांबेल, असं वाटत राहायचं. तीन वर्षं अक्का रोज हे एकटीनं बघत होती. आता मला कळत होतं ती का बघायची, आणि ते तिला सांगावं तर ती घरात नव्हती.

ती येणार तरी कशी? लेकीला माहेरी आणायची तर मुराळी धाडावा लागतो, म्हणजे भाऊ, नाहीतर बाप. आम्हाला भाऊ नाही. चुलत्यांशी बांधावरून बोलणं बंद. उरले वडील, आणि पंचमी येते श्रावणात, तेव्हा घाटात दरडी पडतात, गँगमनला रजा म्हणून नसते. त्यांना रात्रंदिवस रूळ तपासत चालावं लागे. दिवाळीला रजा मिळाली तर सासरी भाताची कापणी, सून कोण सोडतो? उन्हाळ्यात तिच्या नणंदेचं लग्न निघालं. स्वतःच्या लग्नानंतर मांडवपरतणीला आली होती तेवढीच. पहिली पंचमी कोरी गेली. आई पुरण वाटताना मध्येच थांबायची, आणि मग जोरानं वाटायला लागायची.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा पहिला दिवस. गजर झाला, मी दिवा लावला. गाडी फिरली, मंदावली आणि बोगद्यात थांबली. बी. ए.ला बसणारी मुलगी मी, आणि पत्र्याच्या बोगद्याकडं बघत बसलेली. बऱ्याच वेळानं मी बोट पुढं केलं आणि इंजिन हळूच ढकलत ठेसनात आणून उभं केलं. बोट अजून इंजिनावर होतं तेव्हाच ध्यानात आलं की ह्या गाडीला परीक्षेचे दिवस कळत होते ते असे. मला उठवायच्या आधी अक्का दर वेळी हेच करत होती.

पास झाले. गावात पेढे वाटले, भावकीतही दिले, बांध असो की नसो. आणि श्रावण लागताच वडिलांना म्हटलं, "आबा, अक्काला आनाया मी जाते. मुराळी म्हनून."

आई दचकली. "पोरगी मुराळी? लोक हसत्याल."

वडील पायातले चिखलाचे बूट काढत होते. म्हणाले, "पुन्याची एवडी परीक्षा दिली तिनं. मुराळ्याला कुटं परीक्षा असती? जाऊ दे."

करंज्यांची पाटी घेऊन मी गाडीनं तळेगावला उतरले आणि तिथून एस. टी.नं सुदुंबऱ्याला गेले. ओसरीवर अक्काची सासू शेजारणींबरोबर तांदूळ निवडत बसली होती.

"कोन गं?"

"मुराळी आलाय मावशी."

"कुटाय?"

"मीच."

शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. सासू हसली नाही. म्हणाली, "बगा गं बाई, ह्या मुराळ्यानं लुगडं नेसलंय. बाप कुटाय?"

"दरडी पडत्यात. रजा न्हाई. भाऊ न्हाई, तुमाला ठावं हाय. पन मी चार वर्षं अंधारात एकटी ठेसनापत्तूर गेलेय. अक्काला जबाबदारीनं नेऊन सुरक्षित आणून सोडेन."

"जबाबदारीनं!" तिनं शब्द तोंडात घोळवला. "अंधारात बैल बी जातोय रानात. त्याला कुनी मुराळी म्हनत न्हाई."

"बैलाला बी. ए. कुनी करत न्हाई मावशी."

आता तीही हसली, पण लगेच ओठ मिटून आत हाक मारली, "अगं ए! भन आलीय. जायाचंय का तुला?"

अक्का दारात आली. हातांना पीठ. वाळली होती. माझ्याकडं बघितलं, आणि खाली बघून म्हणाली, "म्हशीचं कोन बगंल?"

मला वाटलं, संपलं. एवढ्या लांबून मी आले आणि हिनंच दार लावलं. पण सुनेनं "जायचंय" म्हणायचं नसतं, हे त्या ओसरीवरच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मला तेवढं ठाऊक नव्हतं.

सासू तांदळातला खडा काढून लांब फेकत म्हणाली, "म्हशी मी लगीन हून आले तवापसनं बगतीया. मला न्यायाला बी कुनी न्हवतं. वाटंकडं बगून बगून पंचम्या गेल्या. तवा पोरगी काय, कुत्रं जरी आलं असतं म्हायेरचं, तरी मी त्याच्या मागनं गेले असते." मग माझ्याकडं वळून, "पुनवंच्या आत आनून सोडायची. आन् तूच यायचं सोडाया. मुराळ्यानं अर्धं काम टाकू ने."

तळेगावला अक्का पहिल्यांदा गाडीत चढली. मी तिला खिडकीत बसवलं. तिनं गज दोन्ही हातांनी धरले. वडगाव गेलं, कान्हे गेलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, ती बाहेर बघत होती. कामशेतला ती माझ्याकडं वळली. जरा हिरमुसलीच होती.

"आतनं गाडी दिसतच न्हाई गं," ती म्हणाली.

चार वर्षं रोज गाडीत बसून माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. मग आठवलं, पुढं एक वळण आहे. "थांब," म्हटलं. वळण आलं तसं तिला म्हटलं, "आता बग, म्होरं." तिनं गाल गजांना लावला. गाडी वाकली आणि पुढचं इंजिन दिसलं, त्याच्यामागचे डबे दिसले, पावसात भिजलेले. अक्का ओरडली, "आगं, वळली! वळली!" डब्यातली माणसं बघायला लागली. मी म्हटलं, बघू देत.

ते दिवस कसे गेले कळलं नाही. मला उठायचं कारण नव्हतं, तरी रोज गजर लावायचो. दोघी अंधारात बैठकीशी डोळे लावून बसायचो. कुठं थांबणार, यावर पैज. बोटाचं मी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी घड्याळ फडक्यात बांधायला घेतलं. "हे ने तू. मला आता काय काम त्याचं?"

तिनं गाठ सोडली आणि ते परत फळीवर ठेवलं. "तितं नगं. तितं पोरं मोडून टाकत्याल. आन् हितं ऱ्हायलं तर मला यायाला काय तरी ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी तिला सुदुंबऱ्याला पोहोचवलं, शब्द दिला होता तसं. घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. फळीवर बघितलं तर इंजिन ठेसनात उभं होतं. सकाळी गाडी झाडाखाली थांबली होती, पैज मी जिंकले होते, मला चांगलं आठवत होतं.

घड्याळाला दोन चाव्या. एक वेळेची, एक गजराची. वेळेची मी रोज देत राहिले, काटे चालत राहिले. गजराची पुढच्या श्रावणापर्यंत दिली नाही.