बहिऱ्या गोरीनं कान टवकारला

भानामती, करणी, भूतबित... रिकाम्या डोक्याचे धंदे सगळे! असं मी लातूरभर सांगत फिरायची. सांगणारच. निलंग्याहून एसटीनं यायचं, कॉलेजात प्राण्यांच्या खोलीत पांढरा कोट चढवायचा, की झाली बाई सायंटिस्ट! काम काय — पिंजरे धुणं आणि टाळ्या वाजवणं.

हसू नका. आतल्या कानात टोचायचं एक नवं औषध होतं. माणसाआधी ते गिनीपिगला द्यायचं. मग मी मागून टाळी वाजवायची. कान हलला तर ऐकू येतंय. उताणं टाकायचं; पटकन सरळ झालं तर तोल शाबूत. तुलनेसाठी काहींना मुद्दाम बहिरं केलेलं. ती मान वाकडी करून गोल गोल फिरायची.

"सर, पिऊन आल्यावानी करायलंय बघा!" मीच खिदळायची.

दुपारी सर पिंजऱ्याच्या नंबरची चिठ्ठी काढायचे. ज्याचा नंबर, त्याला मारून आतला कान तपासायचा.

बहिऱ्यांत एक गोरी होती. माझी बाही चघळायची. लई जीव माझा तिच्यावर.

एका सकाळी एका ठार बहिऱ्यानं कान टवकारला. टाळी नाही, आवाज नाही. दुपारी चिठ्ठी त्याचीच! दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा कान... चिठ्ठीही त्याचीच.

"ताई, असलं गावाकडं सांगा," सर म्हणाले.

मग गोरीचा कान हलला.

मी शहाणी! गोरीला शेजारच्या पिंजऱ्यात टाकलं, तिथल्या पांढरीला गोरीच्या. मरू दे तिला.

सरांनी चिठ्ठी उघडली. शेजारच्या पिंजऱ्याची.

"आणा ताई."

आणली की! बोलले असते तर नोकरी गेली असती. टेबलापर्यंत ती बाही चघळत होती.

मी हात लावला नसता तर वाचली असती का? की कान हलला तेव्हाच ठरलं होतं?

आता मीच ठार बहिरी. आज सकाळी तूर निवडत होते. नातीनं मोबाईलवर लिहून दाखवलं, "आजी, तुझा कान हलला! परत हलव ना!"

मी टाळी ऐकली होती. मागून. एकच. मागं कुणी नव्हतं.

जेवण झाल्यावर सुनेला म्हणाले, "दमलीस गं, आज माझ्या खाटेवर पड." गुणाची पोर, लगेच पडली. मी तिच्या खाटेवर बसून हे लिहितेय... आणि आत्ता ध्यानात आलं —

त्या दिवशी मरण गोरीच्या नव्या पिंजऱ्यात आलं होतं.