समयांच्या दुकानातला रेकॉर्डर

तंजावुरातल्या पोलीस नोकरीत हाताळलेल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत. पण समयांच्या दुकानातली ती चोरी अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

दुकान राजवाड्याजवळच्या गल्लीत. मालक दुपारी आत जेवायला गेला आणि तेवढ्यात कुणीतरी कॅमेऱ्याचा रेकॉर्डर काढून नेला. गल्ल्याला हात नाही, पितळेला हात नाही. पंचनामा करताना मला वाटलं, कुणीतरी आपल्याविरुद्धचा पुरावा पळवलाय.

खबर समोरच्या फूलवालीनं दिली. "सार, ते म्हातारे मास्तर रोज येऊन उभे राहायचे. समया नाही, कॅमेऱ्याचा टीव्ही बघायचे."

मास्तर आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातले. त्यांच्या घरी रेकॉर्डर मेजावरच होता, वर धुतलेला पंचा घातलेला. ठाण्यात त्यांना तमिळमध्ये प्रश्न करून पाहिले. मग मी घरच्या मराठीत विचारलं, "मास्तर, कशाला नेलात हो?"

"बायको दर शुक्रवारी देवळाला त्या दुकानावरून जायची. गेली ती आता. फोटो आहेत, पण चालताना कुठेच नाही. मालकाकडे चित्रण मागितलं, तर म्हणाला, पोलिसांचा कागद आणा. पेटी भरली की नवं जुन्यावर चढतं, हेही त्यानंच सांगितलं. किती थांबू?"

खोटं बोलणारा उत्तर दिल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा न्याहाळतो. मास्तरांची नजर मुद्देमालावर होती.

हकीकत कळल्यावर मालकच वरमला. न्यायालयाच्या परवानगीनं प्रकरण आपसात मिटलं. रेकॉर्डर परत देताना, त्याच्या संमतीनं, सायबर विभागातल्या तंत्रज्ञ बाईंनी डिस्कची प्रत काढली. मधले दिवस पेटी बंद होती, म्हणूनच एक शुक्रवार शिल्लक राहिला होता.

चित्र अंधारं, दाणेदार, तुटक. बाईंनी लागोपाठच्या चौकटी एकमेकींवर बसवून दाणे कमी केले, उजेड वाढवला. तरी चेहऱ्याच्या जागी फिकट डागच. मग त्यांनी दुसरी फाईल लावली. चेहरा लख्ख, पापण्यासुद्धा दिसत होत्या.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. "ही कोण?"

"आजीच, सार. कॅमेऱ्याला दिसलं नाही ते सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरलंय."

"हिला मी ओळखत नाही. आधीचंच लावा, अम्मा."

अंधूक बाई दुकानापाशी आली. थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मागे वळून बघत राहिली.

"कुणाची वाट बघतायत?" मी विचारलं.

मास्तरांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं पडद्याच्या कडेनं एक म्हातारा गुडघा धरत आला. ती त्याच्या चालीनं चालू लागली.

त्यानंतर तपासात कितीही स्पष्ट चित्र समोर आलं, तरी मी आधी मूळ चित्र मागवायचो आणि विचारायचो, यातलं कॅमेऱ्यानं पाहिलेलं किती आणि यंत्रानं भरलेलं किती? ही सवय मला मास्तरांनी लावली. त्या दिवशी चित्र संपलं तशी मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, "आणखी एकदा," आणि बाईंनी चित्र पुन्हा सुरुवातीला नेलं.