भिडेत कापलेली बाग

आमच्या ह्यांची आणि सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याची दोस्ती शाळेपासूनची. मी त्यांना भाऊ म्हणते. दोस्ती इतकी घट्ट, की दोघं एकमेकांशी पैशाचं बोलायला लाजायचे. बाई गं, नवी नवरीसुद्धा इतकी लाजत नसेल!

त्या वर्षी भाऊंनी आमची केळीची बाग कापून नेली. घडाला कोयता लावायच्या आधी भाव ठरवायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हे म्हणाले, आपल्यात कसला भाव, बघू नंतर. भाऊंनीही मान हलवली, गाडी भरली आणि गेले. पुढे त्यांचा माल विकून झाल्यावर भाव चढला आणि भाऊंचं येणंच बंद झालं. हेही फोन करीनात. इकडे लेकीला शिरपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला, फीची मुदत उद्या-परवावर आलेली. हे बाहेरून उसने आणायला तयार, पण मित्राकडे हक्काचे मागायला नाहीत. माझं डोकंच फिरलं. ह्यांच्या भिडेपायी पोरीचं वर्ष जाऊ देणारी मी नव्हते.

सकाळच्या एसटीनं सरळ सावदा गाठलं. पाहते तर भाऊंचाच चेहरा उतरलेला. कापणीच्या दिवसाचा भाव द्यावा तर मित्राला कमी वाटेल, चढलेला द्यावा तर स्वतःला खोट बसेल, म्हणून ते ह्यांच्या फोनची वाट बघत बसलेले. आणि आमचे हे त्यांच्या फोनची! मी कपाळावर हात मारून घेतला.

“भाऊ,” मी म्हटलं, “ज्या दिवशी घड कापले, त्या दिवसाचा भाव द्या. रुपया कमी नको, जास्तही नको.”

त्यांनी तिथल्या तिथे पैसे दिले. वर दुसऱ्या दिवशी आपली गाडी काढून आम्हा तिघांना शिरपूरला नेलं. वाटभर दोघं मित्र शाळेतल्या खोड्या आठवून हसत होते. मागच्या सीटवर माझे डोळे भरून आले. असा माणूस आमच्या वाट्याला आला, याचे उपकार कुणाचे मानावेत ते कळेना.

हे लेकीबरोबर फी भरायला रांगेत उभे होते. भाऊ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “वहिनी, यानं मागितले असते ना, तर भिडेपोटी मी चढलेलाच भाव दिला असता. अन् मग पुन्हा कधी तुमच्या बांधावर आलो नसतो.”