एकशे बारानंतर सत्त्याण्णव

मला वाचनाचं वेड आहे असं लहानपणी सगळे म्हणायचे, आणि म्हणताना ‘वेड’ या शब्दावर जरा जास्तच जोर द्यायचे. मी दिसेल ते वाचायचे. खोकल्याच्या बाटलीवरच्या सूचना, कॅलेंडरच्या मागची पाककृती, एसटीतलं ‘खिडकीतून हात बाहेर काढू नये’, लग्नपत्रिकेतली चिमुकल्यांची लाडिक विनंती. रद्दी घालायला पाठवलं तर मी रद्दीवाल्याच्याच पोत्यावर बसून वाचायचे आणि आई शोधत यायची. ‘दुधाकडे बघ’ असं सांगितलं की दूध उतू गेलंच म्हणून समजा. मी असायचे दुधासमोरच, फक्त डोळे पुस्तकात असायचे. त्यासाठी मी मारही खाल्लाय, आणि मार खाताना पान चुकू नये म्हणून पुस्तकात बोट घालून ठेवलंय.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वडील म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर विचार. मी विचारलं, “तुम्ही काय वाचता?”

मुलगा म्हणाला, “मीटर.”

तो तेव्हा वीज कंपनीत होता. मला हे उत्तर इतकं आवडलं की एवढा हजरजबाबी मुलगा पुन्हा मिळायचा नाही म्हणून मी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. तो विनोद नव्हता, हे लग्नानंतर कळलं.

सिंगापूरला येऊन आम्हाला वीसेक वर्षं झाली. पुण्याहून निघताना दरवर्षी बॅगेच्या वजनावरून भांडण व्हायचं. नवरा हातात लोंबता वजनकाटा घेऊन न्यायाधीशाच्या थाटात सांगायचा, “ही जाडी कादंबरी ठेवलीस तर थालीपिठाची भाजणी काढावी लागेल.” भाजणी निघायची. आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर आहे. जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. शेजारीपाजारी त्यात तांदूळ आणि इस्त्रीचं टेबल ठेवतात, मी पुस्तकं ठेवली. बाराशेच्या वर आहेत. “उद्या युद्ध झालं तर आपण बाहेर मरू आणि तुझ्या कादंबऱ्या वाचतील,” असं नवरा पाहुण्यांना सांगतो. हा मात्र विनोद आहे, आणि वीस वर्षांत त्याला हा एकच जमलाय.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला मला आवडते. पुढची लपवून ठेवली होती.

पंचेचाळिशीच्या आसपास कधीतरी माझं वाचन बिघडलं. चष्म्याचं निमित्त झालं, मग फोनचं झालं, मग ऑफिसच्या कामाचं. खरं कारण मला अजून कळलेलं नाही. पुस्तक हातात घ्यायचे, डोळे ओळींवरून शहाण्यासारखे फिरायचे, आणि पान उलटल्यावर मागच्या पानावर काय होतं ते काही केल्या आठवायचं नाही. कोणी विचारलं तर मी ‘वाचतेय’ म्हणायचे. ‘वाचतेय’ हे फार सोयीचं क्रियापद आहे, ते वर्षभर पुरतं. पुस्तकं विकत घेणं मात्र वाढलं होतं. भूक मेल्यावर माणूस नुसतीच भांडी घेत सुटतो, तसं काहीतरी.

आणि याच काळात मी आमच्या वाचन मंडळाची जाणकार म्हणून प्रसिद्ध होते.

मंडळ सात घरांचं आहे. दर महिन्याला बुओना व्हिस्टा भागातल्या एका कॉन्डो सोसायटीत तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमतो. कोणीतरी भारतातून एक प्रत आणतं, ती सातही घरांतून फिरते, आणि ज्याचं वाचून होईल त्याने मागच्या कोऱ्या पानावर ‘वाचले’ लिहून सही करायची आणि एखादा शब्द अभिप्राय द्यायचा, असा रिवाज आहे. सगळ्यांचं झालं की त्या पुस्तकावर एक जण बोलतो. तो एक जण म्हणजे बहुतेक वेळा मीच.

यंदा एक कादंबरी फिरत होती. गावातली एक शिक्षिका, घर सोडून गेलेला तिचा भाऊ, वीस वर्षांनी आलेलं त्याचं पत्र. माझ्याकडे ती सर्वांत शेवटी आली. मागच्या पानावर सहा सह्या होत्या. ‘अप्रतिम.’ ‘ओघवती शैली.’ ‘डोळ्यांत पाणी आले.’ आता इतकी साक्ष असताना मी काय वेगळं म्हणणार होते? ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, वाचायला घेतली. हौगांगहून निघाल्यावर धोबी घाट स्टेशनला गाडी बदलेपर्यंत दोन पानं, तिथून रॅफल्स प्लेसपर्यंत एक, मधे फोन. बाई पत्र वाचते, एसटीत बसते, परक्या शहरात भावाचं घर शोधते आणि दारावर थाप मारते. पुढे ती परत पत्र वाचते, परत एसटीत बसते, परत थाप मारते. मग एकदम आपल्या घरी भाजी चिरत बसलेली असते, आणि उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला असतात. मी मनात म्हटलं, वा. थाप मारायच्या पानाच्या तळाशी कोणीतरी बारीक पेन्सिलने ‘पुढं?’ असं लिहिलं होतं. मी त्यालाही वा म्हटलं.

ठरलेल्या रविवारी हॉल भरला होता. नवरा नेहमीप्रमाणे कचोऱ्यांच्या जवळची खुर्ची धरून बसला. मी वीस मिनिटं बोलले आणि अशी रंगले की विचारू नका. “या कादंबरीचा प्राण तिच्या पुनरावृत्तीत आहे,” मी म्हटलं. “नायिका दोनदा दार ठोठावते. एकदा शरीराने, आणि एकदा मनाने.”

“क्या बात है!” मागून कोणीतरी म्हणालं. एकाने ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं.

मला चेव आला. “आपल्यातल्याच कोणा रसिकाने त्या पानाखाली ‘पुढं?’ एवढंच लिहिलंय. वाचकाला असा हतबल प्रश्न पाडणं, हीच लेखकाची ताकद.”

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेत एक हात वर झाला, शाळेत करतात तसा, कोपर सरळ ठेवून. त्या मावशी होत्या. आमच्या मंडळातला एक मुलगा इथल्या संशोधन संस्थेत आहे आणि याच कॉन्डोत राहतो, त्याची ही आई, परभणीकडची, सत्तरीची, तीन-चार महिन्यांसाठी आलेली. दर बैठकीला यायच्या, कधी एक अक्षर बोलायच्या नाहीत.

“ताई, एक विचारू का?”

“विचारा ना मावशी.”

“दार कोणी उघडलं?”

मी मायेनं हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. “मावशी, ते लेखकानं वाचकांवर सोपवलंय.”

“वाचकावर कसं काय?” मावशी उठल्या, टेबलावरचं पुस्तक घेतलं आणि पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हे बघा, एकशे बारा. इथं ती दार वाजवती. मग हे परत सत्त्याण्णव. सत्त्याण्णव ते एकशे बारा तेच हाय. त्याच्या फुडं एकदम एकशे एकोणतीस. मधली सोळा पानं कुठं गेली? ते ‘पुढं?’ मीच लिहिलंय. पुढची पानं नाहीत म्हणून.”

छापखान्यात सोळा पानांचा एक गठ्ठा असतो, त्याला फर्मा म्हणतात. बांधणाऱ्याने एक फर्मा दोनदा लावला होता आणि पुढचा लावायलाच विसरला होता. सात घरं. चार महिने. त्यात तीन पीएचड्या. ‘ओघवती शैली’ लिहिणारे गृहस्थ चपलेचा पट्टा बघायला खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

“मला वाटलं माझंच काही चुकायलंय,” मावशी सांगत होत्या. “चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले मी. हे माझं तिसरंच पुस्तक. तुम्ही समदी शिकलेली माणसं, समद्यांनी लिहिलं अप्रतिम, म्हणून सुनेला बी विचारलं नाही. पण दोन महिने झाले, रोज मनात येतंय, दार कोणी उघडलं असंल?”

आता कोणीही सज्जन माणसाने चूक कबूल केली असती. मी म्हटलं, “हो हो, माझ्या लक्षात आलं होतं ते. मी मुद्दामच...”

मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी माझा हात धरला. “मंग सांगा की! कोणी उघडलं?”

कचोऱ्यांकडून नवऱ्याचा खोकला ऐकू आला. मी खाली बसले आणि म्हटलं, “मावशी, मला कळलंच नाही. मी तीच सोळा पानं दोनदा वाचली आणि मला पत्ता लागला नाही. मला हल्ली वाचताच येत नाही.”

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं, ते आपसूक निघालं. पण मावशींना माझ्या दुःखाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या हिरमुसून म्हणाल्या, “म्हंजे तुम्हाला बी माहीत नाही.” त्यांचं विमान पुढच्या रविवारी होतं.

घरी जाताना नवरा एवढंच म्हणाला, “मी मीटर वाचायचो तेव्हा निदान आकडा तरी बघायचो.”

दुसऱ्या दिवशी पुण्याला बहिणीला कामाला लावलं. तिने वाचनालयातून धड प्रत मिळवली आणि सोळा पानांचे सोळा फोटो पाठवले, प्रत्येक फोटोत तिचा अंगठा. मी मावशींना फोन करून शब्द दिला की तुमच्या आधी एक ओळही वाचणार नाही. मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून बुओना व्हिस्टाला गेले.

कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावाशी बाकावर बसलो. मावशी ओळीखाली बोट ठेवून वाचतात. फोनवर बोट ठेवलं की पान उडून जायचं आणि बहिणीचा भलाथोरला अंगठा समोर यायचा. “ह्या बाईला बाजूला व्हायला सांगा,” मावशी म्हणाल्या. शेवटी वॉचमनच्या विनवण्या करून त्याच्या केबिनमधल्या प्रिंटरवर पानं छापून आणली. छापताना मी प्रामाणिकपणे दुसरीकडे बघत होते.

मग मावशींनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द उचलून, तपासून, खाली ठेवत. स्वल्पविराम आला की थांबायच्या, पूर्णविराम आला की मान हलवायच्या. पहिल्या पाच मिनिटांत मला जांभई आली, पुढच्या पाचांत चीड आली. मधे मधे त्या नायिकेला झापायच्या, “अगं, आवाज तरी दे बाई.” कधीतरी मी पुढे सरकून त्यांच्या बोटाकडे बघू लागले होते. बोट जाईल तिथवरच गोष्ट होती, त्यापुढे काहीच नव्हतं. दोन पानांना पाऊण तास लागला. दुसरं पान संपता संपता आतून पावलं वाजली, आणि ‘कडी हळू, फार हळू सरकली’ असं मावशींनी दोनदा वाचलं.

मग त्यांनी कागदांची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. “बास. आता नातीची शाळा सुटती. बाकीचं गुरुवारी.”

“मावशी! दार उघडतंय!”

“उघडू द्या की. दार कुठं पळून चाललंय?”

मी गयावया केली, उद्या पुरणपोळ्या करून आणते म्हणाले, एकच ओळ म्हणाले. त्या ऐकेनात. मला त्यांचा इतका राग आला की नीट निरोपही घेतला नाही.

सर्कल लाइनच्या गाडीत बसायला जागा मिळाली. सगळे फोटो फोनमध्ये होतेच, पण शब्द दिला होता, म्हणून मी पर्सची चेन ओढून ती मांडीवर घट्ट धरून ठेवली. भाऊच असणार, दुसरं कोण. पण भावानं कडी इतकी हळू का काढावी? म्हातारा झाला असेल. की आजारी? की एखादं लहान मूल टाचा उंचावून कडीपर्यंत हात पोचवत असेल? म्हणजे त्याला मूल आहे, आणि बहिणीला कोणी कळवलंसुद्धा नाही! माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारच्या चिनी बाईंनी न बोलता मला टिश्यूचं पाकीट दिलं.

हौगांगला जायला सेरंगूनला उतरून गाडी बदलायची असते. मान वर केली तेव्हा सेरंगून मागे पडून बार्टली आलं होतं. हातात पुस्तक नव्हतं, फोन नव्हता, काही नव्हतं, आणि माझं स्टेशन गेलं होतं. मी फलाटावर उतरून बाकावर बसले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. “किती उशीर? कुठे आहेस?”

मी म्हटलं, “दारात.”

त्याने बिचाऱ्याने उठून आमचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “इथे तर कोणीच नाही.”