फूल काढा

नातीला आणायला मी शाळेत जरा लवकर पोचलो आणि पहिलीच्या वर्गाच्या खिडकीपाशी उभा राहिलो. "आता सगळ्यांनी एक फूल काढा," बाई म्हणाल्या. वह्या उघडल्या, रंगीत खडू बाहेर आले. नव्यानं आलेल्या एका मुलीनं मात्र आपल्या वेणीतली शेवंती काढली आणि बाकावर ठेवली. तिचे आईवडील समोरच्या बांधकामावर असतात, घरी तेलुगू बोलतात. मुलं हसायला लागली, तशी तिची मान खाली गेली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती शेवंती अलगद उचलून टेबलावर ठेवली. "बघा, गौरीनं फूल काढलं. आता मीही काढते," म्हणत त्यांनी फळ्यावर तेच फूल काढलं. गौरी एकदा टेबलाकडे बघे, एकदा फळ्याकडे. मग तिनं पिवळा खडू उचलला.

आपण विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, गेलेल्या माणसांची आठवण काढतो आणि चित्रही काढतोच. आतलं काहीतरी बाहेर आणायचं, एवढंच. पोरीचं काही चुकलं नव्हतं. हे ओळखणाऱ्या बाई माझ्या नातीला मिळाल्या, म्हणून मी खिडकीतूनच त्यांना मनोमन हात जोडले.

घरी जाताना मी नातीला विचारलं, "गौरीला मराठी येतं का गं?"

"मराठी नाही येत, आजोबा," ती म्हणाली, "पण फूल येतं. मला तिनंच शिकवलं."