न घेतलेला नमुना

चंदीगडपासून डेराबस्सीपर्यंतच्या रस्त्यावर स्वच्छ संडास कुठे कुठे आहेत, हे क्यूसी मॅडमना पाठ होतं. कुठल्या पेट्रोल पंपावर किल्ली मागून घ्यावी लागते, कुठल्या ढाब्यावरचा वेटर काही न विचारता मागचं दार दाखवतो, कुठला मॉल किती वाजता उघडतो, सगळं. लोक पत्ता सांगताना चौक किंवा देऊळ सांगतात, त्या हे सांगायच्या. ऐकणाऱ्याला हसू यायचं, त्यांना यायचं नाही. अकरा वर्षं मोठं आतडं सुजलेल्या माणसाला ही माहिती जपूनच ठेवावी लागते.

मी साताऱ्याचा, नोकरी मोहालीतल्या एका आयटी कंपनीत. त्या भेटल्या तेव्हा मला याच आजाराचं, अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, निदान होऊन तीन आठवडे झाले होते. बत्तीस सेक्टरच्या सरकारी रुग्णालयात ओपीडीबाहेर बसून मी आईला फोनवर सांगत होतो, की काही नाही, बाहेरचं खाऊन पोट बिघडलंय. फोन ठेवला आणि पोटात अशी कळ आली की उठता येईना. मागच्या बाकावरून बाईमाणसाचा आवाज आला, "जिन्याच्या पलीकडं, डावीकडं. फाईल दे हिकडं, नंबर धरते मी." परत आलो तोवर त्यांनी माझी फाईल पहिल्या पानापासून वाचून काढली होती. "आईशी खोटं बोललास, ते चालतंय," त्या म्हणाल्या. "आत डॉक्टरशी खोटं बोलू नको. आपल्या आजारात लोक लाजंपायी मरत्यात."

त्या मूळच्या कोल्हापूरच्या. डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात होत्या, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना क्यूसी मॅडम म्हणत, आणि पुढे मीही तेच म्हणू लागलो. नवरा पुण्यात, त्या इथे. "भांडण नाही, पण एकत्रपण नाही," एवढंच त्या सांगत. झिरकपूरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या आणि मुलगी ऋता. ऋता तेव्हा बारावीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं.

"लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, नमुन्यावर ठेवायचा," हे त्यांचं वाक्य. गोळ्यांची एक मोठी बॅच त्यांनी एकदा नापास केली होती. वरच्या साहेबांनी आधी विनवलं, मग आवाज चढवला, शेवटी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मॅडमनी चहा घेतला आणि परत येऊन नापासच्या कागदावर सही केली. हे सांगताना त्यांच्या आवाजात शौर्य नसायचं. "ती गोळी कुणाच्या तरी पोटात जाणार असते बाबा," एवढंच म्हणायच्या.

रविवारी त्या मला जेवायला बोलवत. मऊ भात, मुगाचं वरण, लाल भोपळ्याची भाजी. तिघांपैकी दोघांचं ताट आजाऱ्याचं. ऋतासाठी मात्र त्या हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून, लसूण घालून खर्डा करायच्या. तवा उतरवायच्या आधी त्यावर वाकून डोळे मिटून वास घ्यायच्या. "माझं झालं जेवण," म्हणायच्या. जेवताना आम्ही दोघं दिवसाच्या फेऱ्या, रक्त, गोळ्या असं बोलायला लागलो, की ऋता चमचा खाली ठेवायची. "मम्मा, प्लीज यार. खाना खा रहे हैं."

मी त्यांना भेटलो तोवर त्यांच्या आजारानं बरीच औषधं पचवली होती. स्टेरॉइडनं चेहरा सुजून गोल झाला होता, हाडं दुखायची. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू होत्या, पण पूर्वीसारख्या लागू पडत नव्हत्या. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, नव्या इंजेक्शनांची. ती लागू पडली नाहीत तर दुसरी, शस्त्रक्रिया करून मोठं आतडं काढून टाकायचं आणि पोटाला पिशवी लावायची. मॅडमनी पहिली वाट ऐकलीच नाही, असं मला वाटतं. पिशवी हा शब्द तेवढा त्यांच्या कानात राहिला. "पोटाला पिशवी बांधून मी लॅबमध्ये उभी ऱ्हाणार? पोरं वास आला का बघतील," त्या म्हणाल्या. त्या विषयावर त्या पुन्हा बोलल्या नाहीत, आणि मीही काढला नाही.

तेल त्यांच्या घरात मी नेलं. हे मला लिहिलंच पाहिजे.

ऑफिसातल्या एकाला मी नुसतं पोट दुखतं म्हटलं होतं, त्यानं मला सीबीडी तेलाबद्दल सांगितलं. भांगेच्या पानांतून काढतात, नशा येत नाही म्हणतात, विजया या नावानं आयुर्वेदिक औषध म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. मी एका वैद्यांशी व्हिडिओवर बोलून बाटली मागवली. जिभेखाली काही थेंब. आठवड्याभरात पोटातले पिळे सैल झाले, झोप लागायला लागली. मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर भांग कमरेएवढी माजली होती. "ती बघ. गायपण तोंड लावत नाही."

पण पुढच्या रविवारी त्यांनीच बाटली मागितली. घ्यायला नव्हे, तपासायला. बाहेरच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांचे नमुने पाठवले. अहवाल आले तेव्हा त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर मांडले. माझ्या बाटलीत लेबलवर लिहिलेल्याच्या निम्मंच निघालं होतं. दुसरीत लेबलवर नसलेलं नशेचं द्रव्य सापडलं. तिसरी लेबलप्रमाणे होती. "ही घ्यायची," त्या म्हणाल्या, आणि वैद्यांची चिठ्ठी घेऊन त्या स्वतःही तीच घेऊ लागल्या. कित्येक दिवसांनी त्यांना असं कामाला लागलेलं पाहून मला बरं वाटलं होतं.

तो हिवाळा त्यांचा चांगला गेला. धुकं पडलेल्या एका सकाळी त्या ऋताबरोबर सुखना तलावाला पूर्ण फेरी मारून आल्या, आणि वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही म्हणून त्यांनी मला फोन करून सांगितलं. त्या सलग सहा तास झोपू लागल्या. एकदा त्यांनी अर्धा पेरू खाल्ला आणि दिवसभर वाट बघितली, काही झालं नाही. "पोट गप बसलंय रे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हलका मी आधी ऐकला नव्हता.

माझ्या पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना तेलाचं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. म्हणाले, "दर्द कम होना और सूजन कम होना, दो अलग बातें हैं. कुछ मरीज़ों को आराम मिलता है, मैं मना नहीं करता. पर दवा बंद नहीं करनी है, लिवर की जाँच करानी है, और दूरबीन की तारीख़ नहीं टालनी है." मी हे जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या. "मला शिकवतोस व्हय?" म्हणाल्या.

मार्चमध्ये एका रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात कात्री शोधत होतो. चुकीचा खण उघडला. आत त्यांच्या गोळ्यांची पाकिटं होती, रबरानं बांधलेली, न फोडलेली. वरच्या पाकिटाला टाचलेल्या बिलावरची तारीख नोव्हेंबरची होती. मी एक गठ्ठा हातात घेऊन बाहेर आलो. ऋता क्लासला गेली होती.

"किती दिवस झाले बंद करून?" मी विचारलं.

"ठेव ते."

"मॅडम, डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगितलं होतं."

"त्या गोळ्यांनी अकरा वर्षं मला काय दिलं? हे तोंड दिलं." त्यांनी गालावर बोट टेकवलं. "तुझ्या बाटलीनं मला माणसात आणलं. आता तू पोलीस होऊ नको."

"निदान शौचाची तपासणी करून घ्या. सूज किती आहे ते तरी कळेल."

"करते. पुढच्या आठवड्यात." मग म्हणाल्या, "ऋताला बोलू नको. परीक्षा आहे तिची."

मी बोललो नाही. गठ्ठा खणात परत ठेवला आणि आम्ही जेवलो. एप्रिल गेला, मे गेला. नमुना द्यायला त्या गेल्या नाहीत. दर वेळी मी विचारायचो आणि दर वेळी पुढचा आठवडा असायचा. जिना त्यांच्या रोजच्या सवयीचा, पण आता त्या मधल्या मजल्यावर थांबायच्या आणि उन्हाला दोष द्यायच्या. ओठ पांढरे दिसायचे. नेहमी फिक्या रंगाचे कपडे घालणाऱ्या बाई काळी सलवार वापरू लागल्या होत्या. हा आजार मलाही आहे. काळी सलवार कशासाठी ते मला कळत होतं. तरी मी स्वतःची समजूत घालत राहिलो, की दुखत नाहीये ना त्यांना, मग बरंच असेल. कारण मलाही दुखत नव्हतं, आणि मीही माझी आतड्याच्या दुर्बीण-तपासणीची तारीख दोनदा पुढे ढकलली होती.

जूनच्या शेवटी एका सकाळी ऋताचा फोन आला. "दादा, मम्मा का पेट पत्थर जैसा हो गया है. बुख़ार भी है. वो आपको फ़ोन करने से मना कर रही थीं."

आतडं सुजून फुगलं होतं आणि एका जागी फाटलं होतं. तातडीनं शस्त्रक्रिया करायची ठरलं. तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या आणि कुठली औषधं चालू आहेत विचारू लागल्या. ऋता गोळ्यांची नावं सांगू लागली, तिला पाठ होती. मी मध्ये बोललो. गोळ्या नोव्हेंबरपासून बंद आहेत, तेल चालू आहे, तपासणी झालेली नाही, रक्त जात असावं. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि आत गेल्या. ऋता माझ्याकडे बघत होती.

"आपको पता था?"

"मार्चपासून," मी म्हणालो.

ती उठली आणि समोरच्या भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली. रात्र होईतो आम्ही दोघं तिथेच होतो, एका बाकावर मात्र नव्हतो.

शस्त्रक्रियेनंतर मॅडम अकरा दिवस जगल्या. त्यातले चार दिवस शुद्धीत होत्या. मोठं आतडं काढावं लागलं होतं आणि पोटाला पिशवी होती. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा त्या तिच्याकडेच बघत होत्या. नर्स ती रिकामी करून गेली. मॅडम माझ्याकडे वळल्या. "वास येत नाही रे," म्हणाल्या. "काहीच वास येत नाही." त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

मी म्हणालो की तेल मी आणलं, मी सांगितलंच नसतं तर. त्यांनी हात हलवून मला थांबवलं. बोलायला त्रास होत होता, तरी एकेक शब्द सावकाश बोलल्या. "तेलानं सांगितलं नव्हतं गोळ्या सोड म्हणून. तेलानं दुखणं थांबवलं, मी समजले आजार थांबला. जल्मभर दुसऱ्याचा माल तपासला. स्वतःचा नमुना द्यायला भ्याले. रिपोर्टात पिशवी निघंल म्हणून." मग विचारलं, "तुझी दुर्बीण कधी झाली?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "झाली नाही," म्हणालो.

"फोन लाव."

"बाहेर जाऊन लावतो."

"इथं लाव. माझ्यासमोर."

आयसीयूत फोनवर बोलता येत नाही, म्हणून नर्सला विचारून मी काचेपलीकडे उभा राहिलो, त्यांना दिसेल असा, आणि तारीख घेतली. दोन आठवड्यांनंतरची मिळाली. काचेतून मी बोटांनी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि त्यानंतर त्यांनी कुणाला ओळखलं नाही.

पुण्याहून ऋताचे वडील आले, कोल्हापूरहून मावशी आली. पंचवीस सेक्टरच्या स्मशानात कारखान्यातली माणसं दोन बसमधून आली होती. ज्या साहेबांनी चहा पाजला होता, तेही होते. ऋता माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो नाही. तिला इथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मावशी तिला होस्टेलवर सोडून परत गेली असं नंतर कळलं.

माझ्या तारखेच्या आदल्या दिवशी रुग्णालयातून फोन आला. भूल देणार असल्यानं सोबत कुणीतरी हवं, एकट्यानं येऊ नका. ऑफिसातल्या कुणालाही मी हा आजार सांगितला नव्हता. आईला साताऱ्याहून एका दिवसात येणं शक्य नव्हतं, आणि तिला तर अजून पोट बिघडल्याचंच माहीत होतं. बराच वेळ फोन हातात धरून बसलो आणि ऋताला मेसेज केला, की तिच्या आईनं घ्यायला लावलेली तारीख उद्या आहे आणि सोबत कुणी नाही. उत्तर आलं नाही. सकाळी मी पोचलो तर ती बाहेर उभी होती.

तिनं कागदावर सही केली, नातं या रकान्यात काहीतरी लिहिलं, ते मी पाहिलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर तिच्याशी बोलत होते. माझ्या आतड्याचा डावा भाग लालभडक होता, जागोजागी व्रण होते. तेल सुरू केल्यापासून एकदाही दुखलं नव्हतं. गोळ्या वाढवल्या, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तेल घ्यायचं असेल तर घ्या, डॉक्टर म्हणाले, पण आमच्यापासून लपवून नको.

ऋतानं मला धरून रिक्षात बसवलं आणि घरापर्यंत आली. खाली उतरल्यावर मी तिला सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

"दादा, आपको माफ़ करना मुझसे अभी नहीं हो रहा," ती म्हणाली. "पर अगली तारीख़ बता देना. मैं आ जाऊँगी."